दोन सीटांची गाडी

ती गाडी सुरतेत आमच्या बमरोलीला आली तेव्हा गल्लीतल्या बायका नळावरचे हंडे तसेच टाकून बघायला धावल्या. मी गेले नाही. माझा हंडा भरत आला होता, आणि नळाचं पाणी कुणाच्या गाडीसाठी थांबत नसतं. शिवाय ती शेवटी माझ्याच दारात येऊन उभी राहणार, हे मला आधीच ठाऊक होतं.

आमच्या खोलीला लागून पत्र्याची एक शेड होती. आमच्या ह्यांनी ती भाड्याने घेऊन डेंटिंगचं काम सुरू केलं होतं, म्हणजे ठोकर लागलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करायचं. तोवर तिथे रिक्षांचे मडगार्ड, टेम्पोंची दारं, कधी एखाद्या ट्रकचं बॉनेट, असलंच दुखणाईत सामान येत असे. त्या दिवशी जीपच्या मागे दोराने बांधून एक बुटकी, लांब नाकाची, टप नसलेली विलायती गाडी आली. रंग एके काळी मरून असावा. डावीकडचं नाक आत गेलेलं, त्या बाजूचा दिवा फुटलेला, पुढची काच नाहीच. आत दोनच सीटा.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. मी ह्यांना विचारलं, "दोनच? मंग आत्याबाईस्ले कोठे बसाडानं?" आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"हाई शर्यतनी गाडी शे," हे म्हणाले. "हिनामा दोनच जन बठतस."

आम्ही सगळे मिळून एका खोलीत राहत होतो. कूस बदलायची तर शेजारच्याला विचारून बदलावी लागे. फक्त दोघांसाठी कुणी अख्खी गाडी बनवतं, हे मला पटेना. मोठ्या माणसांचे चोचले म्हणून मी सोडून दिलं.

हे मूळचे लूमवाले. आमच्याकडचं माणूस सुरतला उतरलं की थेट खात्यात जातं. खातं म्हणजे लूमचा कारखाना; तिथे पहिला दिवस कुणा मामा-काकाच्या ओळखीने जातो आणि बाकीचं आयुष्य पाळ्या बदलण्यात. ह्यांनीही काही वर्षं लूम चालवले. मग एकदा उधन्याच्या एका गॅरेजसमोर उभं राहून पत्रा ठोकणारा माणूस बघितला आणि घरी येऊन सांगितलं की आता मी हेच शिकणार. शिकले, दोन वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली, आणि शेड घेतली. माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, कपाळाला हात लावून बसले. घर त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांनी आधी शिव्या दिल्या, मग टिंगल केली, आणि शेवटी मुदत दिली.

"आखाजी लोंग देखसू," ते म्हणाले. "मंग सरळ खातामा."

अक्षय्य तृतीयेपर्यंत बघतो, नाही जमलं तर गुमान लूमवर परत यायचं. आमच्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीलाच फिरतं, म्हणून मुदतही आखाजीची. ह्यांनी मान डोलावली. भावापुढे ते फार बोलत नसत. पण लूमचं नाव निघालं की जेवता जेवता त्यांचा घास थांबायचा, ते मी बघत होते.

गाडी आली तेव्हा होळी होऊन गेली होती.

मालक सुरतचाच, जुन्या जरीवाल्यांपैकी. वय झालेलं, अंगात पांढरा सदरा, बोलणं हळू. तरुणपणी त्याने ती गाडी मुंबईहून स्वतः चालवत आणली होती, आणि पुढे लग्न झाल्यावर बायकोला शेजारी बसवून डुमसला समुद्रावर नेत असे. आता मुलाने त्याच डुमसच्या रस्त्यावर ती झाडावर घातली. मुलाचं खांद्याचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं. पावसाळ्यानंतर मुलाचं लग्न होतं, आणि मुलगा-सुनेने त्याच गाडीतून फिरावं ही शेठची हौस. उधन्याच्या उस्तादाला सवड नव्हती, त्याने गाडी ह्यांच्याकडे धाडली.

शेठ शेडमध्ये आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि गुजरातीत म्हणाला, "पहेलां मने ए कहे, बनाववा जेवी छे के नहीं." आधी मला एवढंच सांग, करण्याजोगी आहे की नाही. असेल तर ही तू कर, आणि माझ्या घरच्या, पेढीच्या जेवढ्या गाड्या आहेत त्यांचंही काम पुढे तुझ्याकडेच. नसेल तर तसं सांग, उचलून नेतो.

म्हणजे 'हो' म्हटलं की शेड राहिली. 'नाही' म्हटलं की लूम. सगळ्या घराला हे कळलं होतं. माझ्या जेठाणीने तर मारुतीला नारळही बोलून ठेवला.

पुढचे काही दिवस ह्यांनी त्या गाडीला हातोडी लावली नाही. नुसतं बघायचे. मी तेव्हा घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करत असे, त्यातला कापडाचा एक गुळगुळीत तुकडा त्यांनी मागून घेतला. तो तळहाताखाली धरायचा आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. उघड्या हाताला जो खळगा कळत नाही तो कापडाखालून कळतो म्हणे. दारावरून, मागच्या गोलाईवरून, डोळे मिटून, असा काही सावकाश हात फिरायचा की जेठाणीने मला कोपराने ढोसलं. "तुन्हावर कधी फिरना का असा हात?"

"माले कोठे ठोकर लागेल शे?" मी म्हटलं.

हसलो आम्ही. पण खरं सांगायचं तर मला त्या गाडीचा थोडा हेवा वाटायला लागला होता. नंतर तर मीही काम सोडून त्यांच्याबरोबर बघत बसू लागले. पत्र्याचं काही अवघड नव्हतं. नाक नव्याने घडवता आलं असतं, दार बसवता आलं असतं, इंजिन उस्ताद बघणार होता. प्रश्न खालच्या फ्रेमचा होता. ज्या लोखंडी चौकटीवर अख्खी गाडी बसलेली असते, ती सरळ असेल तर बाकी सगळं होण्यासारखं.

ती तपासायची रीत साधी. फ्रेमच्या चार ठिकाणांहून ओळंबा सोडला, तो टेकला तिथे खालच्या कोब्यावर खडूने फुली मारली, मग गाडी ढकलून बाजूला केली. उरल्या चार फुल्या. आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा धागा धरायचा, एकदा असा, एकदा तसा. दोन्ही वेळा सारखा आला तर फ्रेम सरळ. बाजेची चौकट अशीच तपासतात, त्यामुळे ते मलाही कळलं.

आमच्या भागात दोरी कुणी विकत आणत नसे. खात्यात कोनावर, म्हणजे रिळावर, उरलेला पॉलिस्टरचा धागा घरोघरी यायचा. चार-पाच पदर एकत्र वळले की त्यातच सगळी कामं भागायची. गाठोडी बांधा, पाळणा टांगा, पोरींच्या वेण्या घाला. ह्यांनीही तोच घेतला. दुसरं काही घ्यावं हे ना त्यांना सुचलं ना मला. एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते तर्जनीला गुंडाळून फुलीवर दाबून धरलं. त्यांनी समोरच्या फुलीपर्यंत धागा नेला, तिथे गाठ मारली. मग आम्ही दोघं दुसऱ्या दोन फुल्यांवर जाऊन बसलो. पुन्हा मी टोक दाबलं, पुन्हा त्यांनी धागा नेला.

गाठ बरोबर फुलीवर आली.

"बराबर!" हे ओरडले. "बराबर शे!" कोब्यावर पालथे पडून त्यांनी गाठ जवळून बघितली, आणि मग नुसते हसत राहिले. लग्नात फोटोवाल्याने सांगूनही ते असे हसले नव्हते.

जेठ दिवसपाळी करून आले. त्यांना सांगितलं. ते पाय न धुता तसेच नाक्यावर गेले आणि घरभर पुरतील एवढे खमण घेऊन आले. आत्याबाईंनी गाडीपुढे उदबत्ती लावली. सगळे एकदम बोलत होते.

मी खमण हातात धरून बोटाकडे बघत होते. पहिल्या वेळी धागा माझ्या बोटावर नुसता टेकला होता. दुसऱ्या वेळी तो रुतला होता.

त्या धाग्याची आणि माझी ओळख जुनी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी तोच धागा वळून अंगणात वाळवणीची दोरी बांधली होती, आणि आत्याबाईंचं ओलं लुगडं तिच्यावर टाकलं होतं. तासाभराने बघते तर दोरी लांबून लांबून लुगड्याचा काठ गटारात. त्या दिवशी माझ्या माहेरचा जो उद्धार झाला तो अजून कानात आहे. ह्यांनी मापताना धागा मुद्दाम ओढला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. गाठ फुलीवर यावी असं त्यांना इतकं वाटत होतं की हात आपोआप ओढत गेला, आणि तो धागा असा की ओढाल तितका येतो.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी माहेरपासूनची ख्याती. त्या संध्याकाळी मात्र ताटल्या घासून होईपर्यंत मी गप्प होते. मग हे शेठला फोन करायला पीसीओवर निघाले. पायात चप्पलही घातली. आता नाही तर कधीच नाही.

"थांबा," मी म्हटलं. "हाऊ धागा तानास."

ते वळले. "तुले काय समजस यामा?"

"गाडीमातलं नही समजत. धागामातलं समजस." मी बोट पुढे केलं. त्यावर लाल वळ होता. "दुसरा डाव रुतना."

बोटाकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या तोंडाकडे असं बघितलं की मला वाटलं, हा माणूस आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मग ते निघून गेले. पीसीओवर नाही गेले. नाक्यावरच्या पानवाल्याकडे बसून आले आणि न जेवता झोपले.

सकाळी त्यांनी शेजारच्या बांधकामावरून सळया बांधायची लोखंडी तार मागून आणली. मला हाक मारली नाही. एका फुलीवर दगडाने खिळा ठोकला, त्याला तार अडकवली आणि एकट्यानेच मापलं. मी दाराच्या आडून बघत होते. दुसऱ्या तिरप्याला तार चांगली तीन बोटं कमी पडली. त्यांनी पुन्हा मापलं. तिसऱ्यांदा मापायला उठले, आणि तसेच खाली बसले.

वाकलेली फ्रेम साखळीने ओढून सरळ करता येते, तेवढं त्यांना येत होतं. म्हणून ते गाडीखाली शिरले. तिथे, जिथे वाकलं होतं नेमकं तिथेच, रंगाखाली जुनं वेल्डिंग निघालं. कधीतरी कुणीतरी ही एकदा जोडलेली होती. पुन्हा ओढली तर तडकणार, नाही ओढली तर गाडी डावीकडे खेचत राहणार, आणि जोरात असताना खेचली तर काय, ते डुमसच्या झाडाने दाखवलंच होतं. विलायतेहून नवी फ्रेम आणणं शेठलाही झेपलं नसतं.

उस्तादाला विचारलं. तो म्हणाला, चाकं जुळवून दे, लांबी म्हणजे पुट्टी भर, रंग मार, शंभर गाड्या अशाच फिरतायत. त्याच्याकडून हे ऐकायला मिळेल अशी अपेक्षा होतीच. पण जेठांनीही तेच सांगितलं, त्याचं मला नवल वाटलं. वर्षभर ज्यांनी भावाला खात्यात ओढायचा धोशा लावला होता, तेच आता शेडच्या दारात उभे राहून हळू आवाजात म्हणत होते, "सांगू नको भाऊ. रंग मार आनि दी टाक. शेठ वरीसमा एकदाव काढी ती गाडी."

तेव्हा मला कळलं की टिंगल करणारा हा माणूसही मनातून भावाची शेड चालावी म्हणून बसला होता.

हे गाडीच्या आतल्या त्या दोन सीटांकडे बघत होते. "लगीननंतर दोन्ही बठतीन हिनामा," ते म्हणाले. "नवरा-नवरी."

जेठ दारातून बाजूला झाले. मी स्टोव्हकडे तोंड करून बसले होते, आणि मला रडू आलं. मला त्यांचा अभिमान वाटला होता, आणि त्याच वेळी असा संतापही आला होता की जगातलं सगळं खरं बोलणं आमच्याच घराच्या वाट्याला का. माझ्या बोटाचाही राग आला. गुमान राहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?

शेठ आला. ह्यांनी त्याला कोब्यावरच्या फुल्या दाखवल्या, तार धरून दाखवली. मग तुटक हिंदीत म्हणाले, "शेठ, दिखेगी अच्छी. सीधी नहीं चलेगी. इसमें बच्चों को मत बिठाओ."

शेठने तार स्वतः हातात घेऊन बघितली. मग बराच वेळ गाडीच्या दारावर हात ठेवून उभा राहिला, डावीकडच्या दारावर, जिथे त्याची बायको बसत असणार. "सारुं," तो म्हणाला. ठीक. आणि निघून गेला.

अशा ठिकाणी गोष्टीतला शेठ कारागिराच्या खरेपणावर खूश होऊन त्याला सगळं काम देऊन टाकतो. आमचा शेठ तसा नव्हता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. करण्याजोगी असेल तर काम, असा बोल होता. त्याच्या पेढीच्या गाड्यांना नंतर ठोकरा लागल्याच असतील. आमच्याकडे कधी आल्या नाहीत.

सुरतेपलीकडच्या सचिन गावातल्या कुणीतरी ती गाडी सुट्या भागांसाठी घेतली. आखाजीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी ऊन कलल्यावर जीप आली. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेत रस्ते रुंद करायचा धडाका लागला होता, आमच्याही भागात जागोजाग खोदून ठेवलेलं. त्यातून दोराने बांधलेली गाडी न्यायची तर तिच्या स्टिअरिंगवर कुणीतरी हवं. जीपवाल्याचा दुसरा माणूस मोठ्या रस्त्यावर थांबला होता. तिथपर्यंत हे बसणार होते.

ते आत बसले. मग मान वर करून माझ्याकडे बघून म्हणाले, "बठ."

गल्ली बघत होती. आत्याबाई दारात होत्या. मी पदर डोक्यावर ओढला आणि नुसतीच उभी राहिले.

"बठ व माय," जेठाणी म्हणाली आणि मला मागून ढकललं.

तर अशी मी त्या गाडीत बसले. सीट इतकी खाली की रस्ता बाजूनेच वाहत होता. वर टप नाही, समोर काच नाही, सगळा धुराळा तोंडावर. मागे गल्लीतली पोरं आरडाओरडा करत येत होती. जीप बैलगाडीच्या चालीने चालली होती. ह्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि मला दिसत होतं की ते सारखं उजवीकडे दाबून धरावं लागतंय.

खोदकाम संपून सपाट रस्ता लागला. "देख," ते म्हणाले, आणि दोन्ही हात वर उचलले.

गाडी थोडी सरळ गेली. मग कुणी कान धरून वळवावं तशी डावीकडे वळायला लागली, कडेच्या नालीकडे, अगदी शांतपणे. मी "अगं माय!" म्हणून किंचाळले. त्यांनी स्टिअरिंग पकडलं, गाडी रस्त्यावर घेतली आणि हसले. धागा बरोबर आला तेव्हा हसले होते तसे नाही. पण हसले.

मोठ्या रस्त्यावर आम्ही उतरलो, दुसरा माणूस बसला, जीप सचिनच्या दिशेने गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग चालत घरी निघालो, नेहमीसारखे, ते पुढे आणि मी मागे. थोडं चालून ते थांबले आणि मी पोचेपर्यंत तसेच उभे राहिले.

"कोनतं बोट व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी तर्जनी पुढे केली. वळ कधीच गेला होता. तरी त्यांनी ती हातात घेतली आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिच्यावरून अंगठा फिरवून बघितला, डोळे मिटून. मग सोडली, आणि आम्ही बरोबरीने घरी आलो.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी ते जेठांबरोबर दिवसपाळीला खात्यात गेले. डबा मी भरून दिला.